लँडलाइन सोडण्याआधी घरचं नेटवर्क तपासा

इंटरनेटवरून चालणारा फोन घेतला की पहिल्या आठवड्यात हमखास तक्रार येते, ‘आवाज तुटतोय.’ मग लोक जास्त वेगाचा प्लॅन घेतात आणि आवाज तुटतच राहतो. फोनला वेग फारसा लागतच नाही. आवाज डिजिटल करण्याच्या जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला येताना ९० आणि जाताना ९० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) साधारण पुरतात. त्याला हवा असतो नियमितपणा. तुमच्या बोलण्याचे तुकडे होऊन दर २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ५०, असे निघतात. उशिरा पोचलेला तुकडा फेकून द्यावा लागतो. व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवू शकतो, बोलण्याला ती सवड नाही. म्हणून आधी नेटवर्क, मग फोन.

दोष घरात की बाहेर?

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वाय-फाय बंद करा आणि राउटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे कमांड विंडोत ping आणि पुढे पत्ता लिहा; उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या स्टिकरवर पाहा. विंडोजवर पिंग चारदा होऊन थांबतं, म्हणून पत्त्यापुढे जागा सोडून डॅश आणि टी लिहा. पाच मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. केबलवर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत, सारखं यायला हवं.

आता हेच वाय-फायवर करा, फोन जिथे ठेवणार त्याच जागी बसून. आकडे ३, ४, ८५, ३, १४० अशा उड्या मारू लागले तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर १, ६ आणि ११ पैकी कमी गर्दीचा चॅनल निवडा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. माझा आग्रह मात्र असा, की फोनच्या अडॅप्टरला, म्हणजे टेलिफोन इंटरनेटला जोडणाऱ्या डबीला, केबलच द्यावी.

शेवटी केबलवरूनच ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग करा. राउटर स्थिर असताना इथे शंभरात एकापेक्षा जास्त उत्तरं गळत असतील, तर ते आकडे घेऊन इंटरनेट कंपनीकडे तक्रार करा. नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा अशा आकड्यांची दखल लवकर घेतली जाते.

अपलोडकडे बघा

बहुतेकांची चूक इथे होते. आमच्याकडे रोज रात्री आईशी बोलताना माझा आवाज तिला तुटक ऐकू जायचा, तिचा मात्र मला स्वच्छ यायचा. एका रात्री पिंग लावून बसलो. आकडे २० च्या आसपास होते, ते अचानक ६०० वर गेले. त्याच वेळी शेजारी चार्जिंगला लावलेला मोबाइल दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवत होता. अपलोडची वाट भरली, राउटरमध्ये रांग लागली आणि माझे शब्द त्या रांगेत अडकले. एका बाजूचं बोलणं पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत लागावं असा मान्य निकष आहे. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) शोधा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. मग मोठी फाइल चढवत ठेवून पुन्हा पिंग करा. आकडा फारसा हलला नाही, की काम झालं.

आता फोन

जुना टेलिफोन चालतो. त्याची तार अडॅप्टरच्या ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत आणि अडॅप्टर राउटरला. पण घरभर पसरलेल्या जुन्या तारांतून सेवा फिरवायची असेल, तर बाहेरून येणारी लाइन घरात शिरते तिथेच आधी सोडवा. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्ट येतात, घंटी वाजताना बरेच जास्त. जिवंत लाइनला अडॅप्टर जोडलात तर तो जळू शकतो.

आपलं बोलणं एकाच बाजूला ऐकू जातं, किंवा कॉल दरवेळी बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो? मग राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉल जोडणाऱ्या संदेशांत फेरफार करणारं सेटिंग, बंद करून पाहा. मदतीसाठी दिलेली ही सोय बऱ्याचदा संदेश बिघडवते. कॉल उचलल्याची पोच परत पोचत नाही आणि ठरलेली मुदत संपताच जोडणी तुटते.

जुना नंबर ठेवायचा असेल तर जुनी सेवा आपणहून बंद करू नका. नंबर नव्या कंपनीकडे आल्याची खात्री होईपर्यंत ती चालू राहू द्या, कारण बंद केलेला नंबर परत मिळेलच असं नाही. तोवर तात्पुरत्या नंबरवर आठवडाभर बोलून बघा. फॅक्स किंवा चोरघंटा जुन्या लाइनवर असेल तर तीही याच आठवड्यात तपासा. आणीबाणीच्या सेवेसाठी तुमचा पत्ता नव्या कंपनीकडे नोंदवलाय का, तेही विचारा.

जुना फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याची वीज एक्स्चेंजमधून यायची. नवा तसा नाही. फायबरचा डबा, राउटर आणि अडॅप्टर तिन्ही एका लहान यूपीएसवर घ्या. मग दिवसाउजेडी घराचा मेन स्विच बंद करून फोन उचला. डायल टोन ऐकू आला, की एक कॉल लावा आणि यूपीएस किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजा.