अकरावी-बारावीच्या पोरांकडून मानसशास्त्राचं संशोधन करून घ्यायचंय? मग हे वाचा

पोरं पहिल्यांदा भेटायला आली की विषय ठरलेलाच असतो, 'सोशल मीडियाचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम'. एवढ्यात पाच जणांच्या पीएचड्या होतील भावा. तो विषय हळूच बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, वर्गात तुम्हाला स्वतःला काय दिसतंय ते सांगा. मग खरी गंमत सुरू होते, एक म्हणतो सकाळच्या क्लासला निम्मी पोरं डुलक्या काढतात, एकीला प्रिलिमच्या आदल्या दिवशी पोटात कळ येते, आणि पेठेतला एखादा फुटबॉलवाला छातीठोक सांगतो की खेळणाऱ्यांना टेन्शन कमी असतं.

फुटबॉलवाल्याचंच घ्या. त्याला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या मॅचवर तासभर बोलू द्या, अडवू नका, आणि मग विचारा, टेन्शन मोजणार कसं? इथं पोरगं गप्प होतं आणि खरं काम इथंच सुरू होतं. मोजायला तयार प्रश्नावल्या आहेत, उदाहरणार्थ पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, कोहेन आणि मंडळींनी १९८३ साली काढलेलं. त्याची १० प्रश्नांची आवृत्ती पोरांना झेपते, प्रश्न गेल्या महिन्याभराबद्दल असतात आणि स्कोअर ० ते ४० मध्ये येतो. फक्त त्यातल्या ४ प्रश्नांचे मार्क उलटे धरायचे असतात (० चे ४, १ चे ३ असे), ते एक्सेलमध्ये कुणीतरी हमखास विसरतंय आणि मग निकाल लई भारी दिसतो, तेव्हा भारी निकाल आला की आधी तेच तपासा.

पोरांनी स्वतः प्रश्न लिहिले तर एक-एक वाचून घ्या. 'तुला अभ्यासामुळे आणि घरच्यांमुळे टेन्शन येतं का?' हे दोन प्रश्न झाले, हो म्हणणारा कशाला हो म्हणतोय कळणार कसं? फॉर्म सगळीकडे सोडायच्या आधी पाच-सहा मित्रांना समोर बसवून भरायला लावायचा, जिथं ते अडखळतील तिथं प्रश्न बदलायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोरांना नेटवर पीएचक्यू-९ नावाचं नऊ प्रश्नांचं फॉर्म सापडतं, फुकट आहे, छोटं आहे, डिप्रेशनसाठी जगभर वापरतात, म्हणून लगेच गुगल फॉर्मवर चढवायची घाई असते. त्याचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. समजा रात्री अकराला कुणीतरी 'जवळपास रोज' वर टिक केली आणि फॉर्म निनावी आहे, मग काय करणार? सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे ओझं टाकायचं नाही, तुम्ही पण तयारीशिवाय घ्यायचं नाही. झोप, परीक्षेची भीती, मोबाईलचा वेळ यावर पण उत्तम काम होतं. तरी फॉर्मच्या शेवटी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाकाच, सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो. कॉलेजमध्ये समुपदेशक असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि तुमचाच विद्यार्थी काही मनातलं बोलायला लागला तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, जीवाचा प्रश्न आला तर सांगावंच लागतं, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

परवानगीचं काम कंटाळवाणं आहे पण सुटका नाही. १८ च्या आतल्यांसाठी आईवडिलांची लेखी संमती लागते, शिवाय त्या मुलाची स्वतःची पण, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. प्राचार्यांचं पत्र घ्या. आयसेफसारख्या विज्ञान स्पर्धेत जायचं असेल तर डेटा गोळा करायच्या आधीच मंजुरी लागते, मागाहून आणलेली चालत नाही.

डेटा आला की पोरगं नाचतच येणार, 'सर, खेळणाऱ्यांचा स्ट्रेस कमी आला!' नाद खुळा, शाबासकी द्या, आणि मग विचारा, खेळामुळे कमी झाला की ज्यांच्यावर क्लासचं ओझं कमी त्यांनाच खेळायला वेळ मिळतो? याचं उत्तर एका फॉर्ममधून निघत नाही आणि रिपोर्टमध्ये तसंच लिहायचं. फरक आलाच नाही तरी तेही लिहायचं, आकडे ओढूनताणून बसवायचे नाहीत.

रिपोर्टचं मराठी किंवा इंग्रजी कच्चं असलं तरी तुम्ही स्वतः लिहून देऊ नका हो, हात लई शिवशिवतात पण नको. समासात फक्त प्रश्न लिहा, 'हे कशावरून?', आणि वही परत द्या.