मॅटरब्रिज बसवताना आणि काढताना या चुका टाळा

महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थी मंडळाची मुले डिस्कॉर्डवर आणि शिक्षक टेलिग्रामवर असतील, तर प्रत्येक सूचना दोनदा टाकावी लागते. मॅटरब्रिज हे मुक्त सॉफ्टवेअर अशा दोन गटांना जोडते आणि एकीकडचा संदेश दुसरीकडे पोहोचवते. ते एकाच चालवण्यायोग्य फाइलच्या रूपात मिळते आणि सोबत टॉमल (TOML) या साध्या मजकूर-स्वरूपातली एक सेटिंग फाइल लागते. त्यामुळे फाइल आणली की बसवून झाले आणि फाइल पुसली की काढून झाले, असा समज होतो. पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ या समजातच आहे. येथील विवेचन उबुंटू किंवा तत्सम लिनक्स डेस्कटॉप गृहीत धरून केले आहे.

सुरुवातीच्या चुका किरकोळ असतात आणि लगेच कळतात. परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर फाइलला चालवण्याची परवानगी द्यायची राहिलेली असते. फाइलचे स्वरूपच चुकीचे असल्याचा संदेश आला, तर इंटेल-एएमडी संगणकावर एआरएम प्रोसेसरसाठीची किंवा याच्या उलट फाइल उतरवलेली असते. सेटिंग फाइलमध्ये चॅनेलचे नाव अवतरणचिन्हांत न लिहिणे हीही नेहमीची चूक आहे, कारण टॉमलमध्ये अवतरणाबाहेरच्या हॅश चिन्हापासून पुढचा मजकूर टिप्पणी समजला जातो.

खरा गोंधळ होतो तो प्रोग्राम बिनतक्रार चालू असूनही संदेश जात नाहीत तेव्हा. टेलिग्रामच्या बॉटला (संदेशांची ने-आण करणाऱ्या स्वयंचलित खात्याला) गटातील सर्व संदेश मुळात दिसतच नाहीत, कारण त्याची गोपनीयता सेटिंग आधीपासून चालू असते. ती बॉटफादरकडे (बॉटची व्यवस्था पाहणाऱ्या टेलिग्रामच्या अधिकृत बॉटकडे) जाऊन बंद करावी लागते आणि त्यानंतर बॉटला गटातून काढून पुन्हा घ्यावे लागते. ही दुसरी पायरी बहुतेकजण विसरतात आणि मग सेटिंग फाइल उलटसुलट करत बसतात. डिस्कॉर्डच्या बाजूला संदेशांचा मजकूर वाचण्याची विशेष परवानगी डेव्हलपर पोर्टलवर स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती दिली नसेल आणि प्रोग्रामने मागितली, तर डिस्कॉर्ड ४०१४ हा क्रमांक देऊन जोडणीच बंद करते. आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी: टेलिग्रामचा साधा गट सार्वजनिक केला किंवा जुने संदेश नव्या सदस्यांना दिसावेत अशी सोय चालू केली, की तो सुपरग्रुप या वेगळ्या प्रकारचा गट होतो आणि त्याचा क्रमांक बदलतो, म्हणून सेटिंग फाइलमधला जुना क्रमांक चालत नाही. काल चालणारे आज बंद पडले आणि संगणकावर कोणी हात लावलेला नाही, तर आधी गटाच्या प्रशासकाला विचारावे.

आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही, आणि डेस्कटॉपवर चालणाऱ्या गेटवेची, म्हणजे मॅटरब्रिजच्या या जोडणीची, परीक्षा वीज परत आल्यावर होते. टर्मिनलमधून हाताने सुरू केलेला प्रोग्राम अर्थातच परत सुरू होत नाही. सिस्टीमडी ही लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणारी यंत्रणा आहे; वापरकर्त्याच्या सिस्टीमडी सर्व्हिसमध्ये तो ठेवला, तरी त्या खात्यात कोणी लॉगिन करेपर्यंत तो थांबून राहतो. लॉगिनशिवाय तो सुरू व्हावा यासाठी त्या खात्याचे लिंगर (लॉगिन नसतानाही त्या खात्याच्या सर्व्हिस चालवणारी सोय) चालू करावे लागते. एवढे करूनही एक फट उरते. संगणक सुरू होतो, पण राउटरला इंटरनेट मिळायला एखादे मिनिट लागते. मॅटरब्रिजला जोडणी मिळत नाही आणि तो बंद पडतो. सर्व्हिस पुन्हा सुरू करण्याची सूचना असली तरी दोन प्रयत्नांमधले मूळ अंतर अवघे १०० मिलिसेकंद असते, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाले की सिस्टीमडी नाद सोडतो. इंटरनेट येते तेव्हा प्रयत्न करणारे कोणी उरलेले नसते. हे अंतर ३० सेकंद ठेवले, की प्रश्न बहुधा मिटतो.

वीज आल्यावर टेलिग्रामवरचे दुपारचे संदेश डिस्कॉर्डवर एकदम कोसळले, तर तो बिघाड समजू नये. बॉटसाठीचे न पोहोचलेले संदेश टेलिग्राम २४ तासांपर्यंत राखून ठेवते. उलट दिशेने अशी सोय नाही. मधल्या काळात डिस्कॉर्डवर लिहिलेले टेलिग्रामवर पोहोचेल अशी आशा धरू नये.

आता काढण्याविषयी. नवी कार्यकारिणी येते, नव्या संगणकावर तेच टोकन (बॉटची गुप्त किल्ली) वापरून गेटवे बसवते, आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरची प्रत कोणाच्या लक्षात राहत नाही. अशा वेळी दिसणारी लक्षणे फसवी असतात. डिस्कॉर्डवरचा प्रत्येक संदेश टेलिग्रामवर दोनदा उमटतो, कारण दोन्ही प्रती तो पुढे पाठवतात. टेलिग्रामवरचे संदेश मात्र कधी एका प्रतीला मिळतात, कधी दुसरीला, आणि नोंदींमध्ये ४०९ क्रमांकाची तक्रार दिसते: याच बॉटचे संदेश दुसरे कोणीतरी मागत आहे. डिस्कॉर्डकडून दुहेरी आणि टेलिग्रामकडून अनियमित, अशी जोडी दिसली की नव्या संगणकाची सेटिंग्ज तपासण्यात वेळ घालवू नये. जुनी प्रत शोधावी.

जुन्या संगणकावर नुसती फाइल पुसणे हा उपाय नव्हे. चालू असलेला प्रोग्राम फाइल पुसली तरी स्मृतीत चालूच राहतो, आणि पुढच्या वेळी सुरू होताना सर्व्हिसला फाइल सापडत नाही म्हणून नोंदींत २०३ ही त्रुटी जमत राहते. आधी सर्व्हिस थांबवून ती आपोआप सुरू होणे बंद करावे, मग होम फोल्डरमधील तिची युनिट फाइल (सर्व्हिसचे वर्णन असलेली फाइल) काढून सिस्टीमडीला पुन्हा वाचायला लावावे, आणि त्यानंतरच प्रोग्रामची फाइल पुसावी. केवळ गेटवेसाठी लिंगर चालू केले असेल तर तेही बंद करावे.

सेटिंग फाइलमध्ये दोन्ही बॉटची टोकने साध्या मजकुरात असतात, त्यामुळे ती मागे राहणे सर्वांत धोक्याचे. तिची वाचण्याची परवानगी पहिल्या दिवसापासूनच फक्त आपल्या खात्यापुरती ठेवलेली बरी. शिवाय संपादकाने बनवलेल्या जुन्या प्रती, पेन ड्राइव्हवरची नक्कल आणि कोणाला तरी पाठवलेली ईमेल यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून पुसापुशीवर भिस्त न ठेवता बॉटफादरकडून टेलिग्रामचे टोकन रद्द करून घ्यावे आणि डिस्कॉर्डच्या पोर्टलवर नवे टोकन काढावे. गेटवे पुढे चालवायचा असेल तर नवी टोकने फक्त नव्या संगणकावर टाकावीत. जुना संगणक कोणत्या कपाटात आहे हे कोणालाच आठवत नसले, तरी तो पुन्हा सुरू होईल तेव्हा त्याला दोन्हीकडे प्रवेश नाकारला जाईल.