पटाच्या जोडीची गाडी: खालच्या फळ्या वेळेवर पाहून घ्या

शंकरपटाचा, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीचा, सीझन आला की जोडी पिकअपमधे चढते उतरते, अन वरवर पाण्याचा पाइप मारला की झालं असं लय जण समजतात, पण खरी खराबी रबर मॅटच्या खाली राहते भाऊ. बैलाचं मूत मॅटच्या कडेनं खाली झिरपते, तिथं हवा लागत नाही, त्यातून अमोनिया तयार होतो तो बैलाच्या डोळ्यात नाकात झोंबते, अन खाली फळी सडून जाते, पत्रा असला तर गंज धरते.

म्हणून जोडी उतरवली की त्याच दिवशी शेण अन ओलं कुटार (भुसा) झाडून काढा. मॅट दर वेळी नाही जमलं तरी महिन्यातून एकदा पूर्ण बाहेर काढाच, दोन्हीकडून घासून धुवा अन भिंतीला उभी करून उन्हात वाळवा, ओली परत टाकायची नाही, विदर्भाच्या उन्हात काय टाइम लागते.

मॅट निघालीच आहे तर पेचकस घेऊन फळ्या टोचून पाहा, जास्त करून कडेला, कोपऱ्यात अन नटबोल्टजवळ. टोक सहज आत घुसलं तर ती फळी बदला, वरून पत्रा ठोकून झाकू नका, चारशे किलोच्या बैलाचा खूर खाली गेला तर पाय मोडते. गाडीखाली वाकून आडव्या पट्ट्यापण पाहा, गंज दिसला तर खरवडून रेडऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर मॅट गाडीतून काढूनच ठेवा.