ओव्हनमधला बिनअंड्याचा फ्रेंच टोस्ट: या चुका टाळा

पहिल्यांदा ओव्हनमध्ये बिनअंड्याचा फ्रेंच टोस्ट केला, तेव्हा ट्रे बाहेर काढून मी नुसती बघत बसले. वरून पांढराफटक, खालून कागदाला चिकटलेला, आणि मध्ये सुरी घातली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा. वैतागून तापमान 230 वर नेलं. दहा मिनिटांत कडा काळ्या झाल्या, लगदा मात्र जसाच्या तसा.

नंतर बऱ्याच ट्रे वाया घालवल्यावर एक गोष्ट कळली. चुका दिसतात वेगवेगळ्या, पण बहुतेकींचं मूळ पाण्यात असतं. दुधातलं पाणी ब्रेडमध्ये शिरतं. त्यातलं काही कुणीतरी धरून ठेवायला हवं आणि उरलेलं वाफ होऊन निघून जायला हवं. अंडं हे धरून ठेवायचं काम गुपचूप करत असतं. दुधात फेटलेलं अंडं साधारण 80 ते 85 अंश सेल्सिअसला घट्ट होतं आणि पाणी आतच बांधून टाकतं. अंडं काढलं की ही जबाबदारी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते. तव्यावर तेलाचा थेट चटका पृष्ठभागावरचं पाणी चटकन उडवतो, म्हणून तिथे थोडी हयगय खपून जाते. ओव्हनची गरम हवा तेच काम सावकाश करते आणि मग सगळं उघडं पडतं.

मऊ, ताजा ब्रेड घेणं

फ्रेंचमध्ये या पदार्थाला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. नावातच कृती सांगितली आहे. आणि अंड्याशिवायचा फ्रेंच टोस्ट म्हणजे तडजोड, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ‘अपिकियस’ या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात पावाचे तुकडे दुधात बुडवून, तेलात तळून, वर मध घालायची कृती आहे. मूळ लॅटिन मजकुरात अंड्याचा उल्लेखच नाही.

पण शिळा ब्रेड म्हणजे सुका ब्रेड नव्हे, आणि इथे बरेच जण फसतात. बंद पाकिटातला तीन दिवसांचा ब्रेड कडक लागतो, कारण त्यातला स्टार्च पुन्हा आवळला जातो. ओलावा मात्र बराचसा आतच असतो. त्यामुळे स्लाइस जाळीवर मांडून 120 अंशांवर दहा-बारा मिनिटं सुकवा, मध्ये एकदा उलटा. रंग यायला नको. वरून खरखरीत लागला आणि मध्ये दाबल्यावर जेमतेम दबला, की झालं. स्लाइस दोन सेंटिमीटर जाड असेल तर उत्तम. सँडविचचा पातळ ब्रेड भिजत ठेवायचाच नाही, बुडवून लगेच उचलायचा.

व्हीगन, म्हणजे दूध-मधासकट कुठलाच प्राणिज पदार्थ नसलेला टोस्ट करत असाल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा. साध्या दिसणाऱ्या ब्रेडमध्येही दूध पावडर, लोणी किंवा मध असू शकतो. ब्रिऑश हा मऊ फ्रेंच पाव तर लोणी आणि अंडी दोन्ही घालूनच करतात, तेव्हा अंडं न खाणाऱ्या शाकाहारी माणसालाही तो चालत नाही. फ्रेंच टोस्टसाठी तोच हवा असं सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

नुसत्या दुधावर भिस्त ठेवणं

दूध, साखर आणि दालचिनी एवढ्यावर ब्रेड भिजेल, पण आत काही घट्ट होणार नाही. दोन सेंटिमीटरच्या सहा स्लाइसना मी 300 मिलिलिटर दूध, 30 ग्रॅम बेसन, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक टेबलस्पून साखर, एक टेबलस्पून तेल आणि चिमूटभर मीठ घेते. बेसनात प्रथिनं आणि स्टार्च दोन्ही असतात, त्यामुळे अंड्याच्या सर्वांत जवळ तेच जातं. कॉर्नफ्लोअर आतला भाग क्रीमसारखा मऊ ठेवतं. मिश्रणात चमचा बुडवा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर दाटपणा बरोबर. लगेच बुजली तर पातळ आहे, आणखी एक चमचा बेसन घाला.

बेसन एकदम सगळ्या दुधात टाकलं तर गुठळ्या होतात. आधी तीन-चार चमचे दुधात त्याची सरसरीत पेस्ट करा, मग उरलेलं दूध हळूहळू ओता आणि दहा मिनिटं झाकून ठेवा.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त छळलं ती. मिश्रण ठेवलं की बेसन आणि कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं. पहिले दोन स्लाइस वरवरच्या पातळ दुधात बुडतात आणि ओलेगच्च राहतात. शेवटच्या स्लाइसवर तळाचा सगळा चिखल येतो आणि तो पिठूळ, कच्चट लागतो. एकाच ट्रेत दोन्ही प्रकार दिसले की दोष ओव्हनला दिला जातो! प्रत्येक स्लाइस बुडवण्याआधी मिश्रण तळापासून ढवळा, दुसरं काही लागत नाही.

कस्टर्ड पावडर वापरली तरी चालते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. म्हणजे तिचा जन्मच या कामासाठी झालेला. पण ती गार दुधात कालवा आणि शिजवू नका. शिजवलेलं कस्टर्ड ब्रेडच्या आत शिरत नाही, वर थर होऊन बसतं. व्हीगनसाठी पाकीट वाचणं इथेही आलंच.

अळशीची पूड बेतानेच घाला. एक टेबलस्पून पूड तीन टेबलस्पून पाण्यात भिजवली की एका अंड्याइतकी धरते असं म्हणतात. केकमध्ये ते ठीक आहे. इथे त्याहून जास्त घातली की टोस्ट लिबलिबीत होतो. केळ्याची तऱ्हा निराळी. ते चवीला झकास, पण पिकलेल्या केळ्यात साखर भरपूर, म्हणून आतला भाग शिजायच्या आत खालची बाजू करपते. 300 मिलिलिटरला अर्धं केळं पुरे, तेही पूर्ण कुस्करून, आणि तापमान 180. साखर मग कमी करा.

काळं मीठ घातलं की त्यातल्या गंधकामुळे अंड्याचा वास येतो. तिखट-खारा टोस्ट असेल तर चिमूटभर छान. दालचिनी आणि व्हॅनिला घातलेल्या गोड टोस्टमध्ये मला ते मुळीच आवडत नाही.

रंग येत नाही म्हणून तापमान वाढवत नेणं

तो खमंग बदामी रंग प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या अभिक्रियेतून येतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तिचं वर्णन 1912 मध्ये केलं. ही अभिक्रिया साधारण 140 अंशांपुढे वेग घेते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान पाणी उकळण्याच्या, म्हणजे 100 अंशांच्या, वर जातच नाही. ओव्हन 230 वर असला तरी! म्हणून सुकलेल्या कडा जळतात आणि ओला मध्यभाग पांढराच राहतो. भिजवलेला स्लाइस उचलून दहा सेकंद भांड्यावर निथळू द्या. वरून ब्रशने तेलाचा पातळ हात फिरवा, चमच्याने ओतू नका.

दुधाची निवडही इथे नडते. विकतच्या बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, प्रथिनं नावाला. त्याने रंग फिका येतो. सोया दुधात प्रथिनं जास्त, त्याचा टोस्ट चांगला भाजला जातो. ओट्सच्या दुधात मुळातच थोडी साखर असते, त्यानेही रंग येतो. ट्रेला लावायला कमी चरबीचं मार्जरिन घेऊ नका, कारण त्यात पाणी भरपूर. शाकाहारी टोस्टला तूप, व्हीगनला साधं तेल. लोणी लावलंत तर त्यातला दुधाचा घनभाग करपतो, लक्ष ठेवा.

वर साखर भुरभुरायची असेल तर शेवटची तीन-चार मिनिटं राहिली की. सुरुवातीलाच टाकलेली साखर पाणी ओढून घेते आणि विरघळते.

ट्रे आणि ओव्हन

गार ट्रेवर ओला ब्रेड ठेवला की तो चिकटणारच. ओव्हन 200 अंशांवर पंधरा मिनिटं तापवताना ट्रेही आतच ठेवा. बाहेर काढून तेल लावा आणि स्लाइस ठेवताना चुरचुर आवाज येतो का ऐका. आवाज नाही म्हणजे ट्रे पुरेसा तापलेला नाही. कागद घालायचाच असेल तर बेकिंगचा पार्चमेंट घ्या. खाणं गुंडाळायचा पातळ बटर पेपर ओला होऊन टोस्टच्या बुडाला चिकटतो, मग तो नखाने सोलत बसावं लागतं. सिलिकॉनच्या मॅटवर काही चिकटत नाही, पण बूड हवं तसं भाजलंही जात नाही.

स्लाइसमध्ये दोन बोटांचं अंतर हवं. खेटून ठेवले तर एकमेकांच्या वाफेत ते उकडून निघतात. एक बाजू बारा मिनिटं, उलटून दुसरी आठ ते दहा. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान 20 अंशांनी कमी. छोट्या ओव्हनमध्ये सळ्या ट्रेच्या फार जवळ असतात, तेव्हा मधलाच खण वापरा आणि अर्ध्यावर ट्रे फिरवा. सारखं दार उघडून बघायचा मोह मात्र आवरा.

झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. मधोमध सुरी घालून बाहेर काढा. पात्यावर दुधाळ ओघळ आला किंवा चाखल्यावर कच्च्या बेसनाचा तुरट वास जाणवला, तर 170 वर आणखी पाच मिनिटं.

काढल्यावर

गरम टोस्ट ताटात एकावर एक रचले की खालचे घामेजतात आणि वीस मिनिटांची मेहनत दोन मिनिटांत मऊ पडते. जाळीवर काढा. सिरप किंवा फळं खायच्या वेळीच. उरलेले फ्रिजमध्ये ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी 180 वर पाच-सहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते चामट होतात.

आणि एवढं करूनही ट्रे फसली तर फेकू नका. स्लाइसचे चौकोनी तुकडे करा, तेलाचा हात लावून 160 वर पंधरा-वीस मिनिटं कुरकुरीत होईपर्यंत ठेवा. आमच्याकडे आता ते तुकडे संपतात म्हणून कधीकधी मी मुद्दाम दोन स्लाइस जास्त भिजवते.