'दों' की 'ओकेल'? आधी क्रियापद बघा

फ्रेंचमध्ये दोन वाक्यं जोडताना 'ज्याच्याबद्दल', 'ज्याला' अशा अर्थाचं संबंधी सर्वनाम म्हणून 'दों' (dont) घालायचं की 'ओकेल' (auquel), हा गुंता सुटला तो प्रत्येक क्रियापद त्याच्या अव्ययासकट पाठ करायला लागल्यावर. नुसतं 'पार्ले' (बोलणं) नाही, 'पार्ले द' (कशाबद्दल बोलणं). नुसतं 'पांसे' (विचार करणं) नाही, 'पांसे आ' (कशाचा विचार करणं). मग 'द' असेल तिथे 'दों' येतं: 'ल लीव्र दों झ पार्ल' (मी ज्याबद्दल बोलतोय ते पुस्तक). 'आ' असेल तर वस्तूच्या लिंगाप्रमाणे 'ओकेल' किंवा 'आ लाकेल'. माणसासाठी 'आ की' (ज्या व्यक्तीला) जास्त सहज वाटतं. 'आव्हेक' (-ने, सोबत), 'पूर' (साठी) यांचंही तसंच: 'ल स्तिलो आव्हेक लकेल झेक्री' (मी ज्याने लिहितो ते पेन).

खरी मेख आहे 'आ कोते द' (च्या शेजारी) सारख्या जोडप्रयोगांत. शेवटी 'द' दिसला तरी तिथे 'दों' चालत नाही. 'ला मेझों आ कोते द लाकेल' (ज्या घराशेजारी) असंच म्हणावं लागतं. हे मात्र वाक्यं लिहून लिहूनच अंगवळणी पडलं.