फूड आणि प्रॉडक्ट फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवताय? या चुका टाळा

‘एडिटिंगमध्ये बघू’ हे वाक्य नव्या स्टुडिओत फार ऐकू येतं. शूटच्या वेळी वाचवलेली पाच मिनिटं रात्री कॉम्प्युटरपुढे तासन्‌तास खातात आणि तरीही फोटो मनासारखा होत नाही. बहुतेक बिघाड कॅमेऱ्यात नसतोच. तो टेबलावर, भिंतीवर किंवा ओट्यावर झालेला असतो आणि तिथेच दुरुस्त करावा लागतो.

रंग जुळत नाही

साडी राणी रंगाची, फोटोत मात्र लालभडक. मग गिऱ्हाईक साडी परत पाठवतं आणि क्लायंट तुम्हाला फोन करतो. पहिला संशय खोलीतल्या दिव्यांवर घ्या. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळ्या बल्बचा २७०० ते ३००० केल्विनचा, आणि खिडकीतला उजेड तर ढग आला-गेला तसा बदलणारा. तिन्ही एका फ्रेममध्ये शिरले की व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची कॅमेऱ्याची सोय) कसाही लावा, एक बाजू निळसर नाहीतर पिवळसर राहणारच.

तपासायची सोपी रीत अशी: शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र) एफ/८ ठेवा, फ्लॅश बंद करा आणि एक फोटो काढा. फ्रेम पूर्ण काळी आली तर खोलीचा उजेड तुमच्या फोटोत येत नाही. काही दिसलं तर ट्यूब बंद करा, पडदे ओढा.

तरीही रंग बिघडत असेल तर भिंती पाहा. फ्लॅटमध्ये थाटलेल्या स्टुडिओत पिस्ता किंवा क्रीम रंगाच्या भिंती असतात आणि त्यांचा रंग वस्तूवर पडतो. भिंतींना पांढरा किंवा राखाडी मॅट रंग द्या. प्रत्येक सेटअपच्या पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला लागणारं राखाडी कार्ड) ठेवा, मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग अचूक लावून घ्या, आणि वेबसाठीच्या फाइल एसआरजीबी या कलर स्पेसमध्येच (रंगांच्या ठरलेल्या पट्ट्यात) द्या. दुसऱ्या कलर स्पेसमधली फाइल क्लायंटच्या मोबाइलवर फिकी दिसू शकते.

एलईडीवर शूट करताना फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० करून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात.

स्टील, चांदी, तांबं

स्टीलचा डबा म्हणजे आरसाच. त्यात तुमचा लाल टी-शर्ट, ट्रायपॉड, छतावरचा पंखा, सगळं दिसतं. इथे पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कापणारा फिल्टर) लावून बसण्यात अर्थ नाही. काच, प्लास्टिक, चिनीमाती यांच्यावरची चमक तो कमी करतो, उघड्या धातूवर त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. त्याऐवजी डब्याभोवती ट्रेसिंग पेपरची भिंत करा, उजेड कागदाबाहेरून सोडा आणि दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या अरुंद पट्ट्या उभ्या करा. पट्ट्यांच्या काळ्या रेघेमुळे डब्याची कड उठून दिसते, नाहीतर तो पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळून जातो. पट्टी बोटभर सरकवा आणि डब्याचा आकार कसा बदलतो ते पाहा. हा हात बसायला वेळ लागतो, पण भांड्यांचं काम करायचं तर तो बसायलाच हवा.

पदार्थ टेबलावर मरतो

सर्वांत मोठी चूक म्हणजे पदार्थ आणून ठेवायचा आणि मग लाइट लावायला घ्यायचं. मिसळ घ्या. फरसाण रस्सा पितं, मऊ पडतं. तर्री थंड होऊन निस्तेज होते. कोथिंबीर माना टाकते. म्हणून आधी तशाच वाटीत दुसरंच काहीतरी ठेवून अँगल, लाइट, फोकस सगळं पक्कं करा. मग खरी वाटी: खाली उसळ, वर फरसाण, कडेने चमच्याने कट, शेवटी कांदा-कोथिंबीर, आणि लगेच क्लिक. हातात दोन-तीन मिनिटंच असतात.

उकडीच्या मोदकाचं दुखणं वेगळं. पांढऱ्या ताटलीत पांढरे मोदक ठेवले की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि मोदक राखाडी येतात. एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या. उजेड समोरून टाकलात तर कळ्या सपाट दिसतील. तो मागून-बाजूने येऊ द्या. आपली पाळी येईपर्यंत मोदक ओल्या मलमलच्या फडक्याखाली राहू देत, नाहीतर पारी सुकून तडे जातात.

एसीचंही भान ठेवा. गार खोलीत पुरणपोळीवर सोडलेलं तूप बघता बघता रवाळ होऊन थिजतं. तुपाचा, कटाचा शॉट असेल तेव्हा एसी आधीच बंद करा. वाफ टिपायची असेल तर पंखाही बंद हवा, मागे गडद पार्श्वभूमी हवी आणि उजेड मागून हवा.

दिवाळीच्या फराळाचं शूट तर भर पावसाळ्यातच होतं, कारण पॅकेजिंग आधी छापायला जातं. उघड्यावर ठेवलेली चकली दमट हवेत सादळते. शॉटपुरत्याच चकल्या घट्ट झाकणाच्या डब्यातून काढा. आणि दिसायला छान म्हणून पदार्थावर ग्लिसरीन मारलं असेल तर ती ताटली बाजूला काढून ठेवा, चुकूनही कुणाच्या पोटात जाता कामा नये. उरलेला शुद्ध पदार्थ मात्र सगळ्यांनी मिळून खावा. अन्न टाकायला माझं मन होत नाही.

विकायचा तोच पदार्थ फोटोत असायला हवा. पाकिटात चार काजू आणि फोटोत मूठभर, असं करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. क्लायंटने आग्रह धरला तरी हे समजावून सांगणं आपलं काम आहे.

पहिल्या फोटोवर ‘ऑफर’

ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे २५५. वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि ‘ऑफर’सारखा मजकूर, वॉटरमार्क चालत नाही. हे शूटच्या आधीच क्लायंटला सांगा.

फोटो कोणाचे?

अनेक फोटोग्राफर धरून चालतात की फोटो काढला म्हणजे हक्क आपला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं: कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. पुढे तेच फोटो होर्डिंगवर झळकले तरी जादा पैसे मागायला आधार उरत नाही. म्हणून कोटेशनमध्येच लिहा: वापर कुठे, किती काळ, तुमच्या पोर्टफोलिओत ठेवायची परवानगी, किती फोटो, किती वेळा बदल. फूड स्टायलिस्ट, भाजी-किराणा, प्रॉप्सचं भाडं वेगळं दाखवा. ‘पर फोटो’ दरात हे सगळं गिळलं की महिनाअखेरीस काम भरपूर आणि हातात काहीच नाही, अशी गत होते. अर्धी रक्कम आगाऊ घ्या, ओळखीच्यांकडूनही.

सामानाची काळजी

एसी, इंडक्शन आणि फ्लॅश एकाच लाइनवर चालवू नका, ऐन शॉटला एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात) आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ड्राइव्हवर आणि एक स्टुडिओबाहेर हवी. क्लायंटने सगळे फोटो मिळाल्याचं लेखी कळवेपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका.