कॉलेजचं संगीत रेडिओ स्टेशन चालवताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या एखाद्या कॉलेजात रेडिओ सुरू करायचं ठरलं की पहिली बैठक माइक कोणता घ्यायचा यावरच संपते. स्टेशन बंद पडतं ते मात्र माइकमुळे नव्हे. गाण्यांच्या हक्कांचं कुणी पाहिलेलं नसतं, परीक्षा लागली की स्लॉट ओस पडतात, आणि पासवर्ड ज्याच्याकडे तो पदवी घेऊन पुण्याला गेलेला असतो.

थेट एफएमवर उडी

ऑनलाइन मिळणारा ट्रान्समीटर आणून चालू करू, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. परवान्याशिवाय एफएमवर प्रक्षेपण करणं हा गुन्हा आहे. कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे छोट्या भागापुरत्या ना-नफा एफएम केंद्राचा, परवाना विद्यार्थी मंडळाला नव्हे, संस्थेला मिळतो. शैक्षणिक संस्थांना ही वाट २००२ च्या धोरणाने मोकळी झाली, स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्ये. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ पासूनचं. आपल्या शेजारी, सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे असंच केंद्र आहे. तिथलं काम बघून या, मग प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जा.

तोवर इंटरनेट स्ट्रीमवर शिका. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ३२० केबीपीएसचा (सेकंदाला ३२० किलोबिट डेटाचा) हट्ट. त्यात तासाला साधारण १४४ एमबी डेटा जातो. ६४ केबीपीएसवर एएसी या कमी डेटा खाणाऱ्या ऑडिओ फॉरमॅटला २९ एमबी पुरतात आणि मोबाइलवर गाणं छान ऐकू येतं. हॉस्टेलवरची मुलं रोजच्या डेटा पॅकवर ऐकतात, हे विसरू नका.

‘यूट्यूबवर आहे, म्हणजे चालतं’

नाही चालत. गाण्याच्या ॲपचं सबस्क्रिप्शनही तुमच्या स्वतःच्या ऐकण्यापुरतं असतं. एका गाण्यात शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. त्यासाठी आयपीआरएस (शब्द-चालीचे हक्क पाहणारी संस्था), पीपीएल (रेकॉर्डिंगचे हक्क पाहणारी) किंवा थेट कंपनीशी बोलावं लागतं. तुमच्या मैत्रिणीने सिनेमाचं गाणं स्वतः गायलं तरी गीतकार-संगीतकाराचा हक्क उरतोच.

आणि खरं सांगायचं तर या गावात सिनेसंगीतावर अडून राहायचं कारणच नाही. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. मिरजेत राहिलेले गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्ड आज हक्कमुक्त आहेत. पारंपरिक बंदिशी गाणारे विद्यार्थी वर्गात बसलेले असतात. त्यांचं रेकॉर्डिंग करा, लेखी संमती घ्या, झाला तुमचा संग्रह. मिरजेच्या सतारमेकरांकडे माइक घेऊन जा. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारेची गुंजन, काढताना आधी बोथट वाजणारी तार हळूहळू कशी गुंजायला लागते, हे पाच मिनिटं नुसतं ऐकवलं तरी तो कार्यक्रम होतो. असा कार्यक्रम मोठ्या शहरातलं स्टेशन करू शकत नाही, तुम्ही करू शकता.

तानपुरा गायब झाला

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक नव्या टीमची असते. रेकॉर्डिंगच्या वेळी तानपुरा झकास वाजत होता, स्ट्रीमवर गायक कोरडाच गातोय. कारण बहुधा ‘नॉइज सप्रेशन’. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं सॉफ्टवेअर धरून चालतं आणि तानपुऱ्याचा षड्जच पुसून टाकतं. फोन, मीटिंग ॲप, लॅपटॉपचा साउंड ड्रायव्हर या तिन्ही ठिकाणची ही सोय बंद करा. पंखाही बंद करा, खोलीत उकडलं तरी चालेल.

उलटंही होतं. गायक थांबला की तानपुरा एकदम फुगतो, सुरुवात केली की दबतो. तिथे ‘ऑटो गेन’ किंवा कडक कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज आपोआप वाढवणारी सोय, लागलेली असते. लेव्हल हाताने लावा, सर्वात चढी तान उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तान फाटली तर नंतर दुरुस्त होत नाही; आवाज कमी राहिला तर वाढवता येतो. सगळ्याखाली बारीक ‘हूं’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे, वायरमन बोलवा.

आलापात मध्येच जिंगल

प्रसारण बंद पडू नये म्हणून सायलेन्स डिटेक्टर लावतात आणि ते योग्यच आहे. पण तो पाच सेकंदांवर ठेवला, तर विलंबित आलापातल्या शांत जागेला तो बिघाड समजतो आणि बॅकअपची जिंगल सुरू करतो. गायकाचा याहून मोठा अपमान नाही. संगीताच्या स्टेशनसाठी वीस ते तीस सेकंद ठेवा, ‘शांतता’ म्हणजे किती डेसिबल हेही खाली आणा, आणि बॅकअपला जिंगलऐवजी वाद्यसंगीत ठेवा. यूपीएसवर कॉम्प्युटरसोबत राउटरही जोडा; तो राहूनच जातो.

पुनःप्रसारणातला शिळा आकडा

पावसाळ्यात निवेदक गाण्यांमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी सांगतोच. तोच भाग रात्री पुन्हा लागला तर सकाळचा आकडा लोकांच्या कानावर जातो, आणि इथे त्या आकड्यावर माणसं घर सोडायचं की नाही ते ठरवतात. अशी माहिती फक्त थेट प्रसारणात द्या, जिल्हा प्रशासनाकडून आलेलीच द्या, वेळेसकट द्या. एफएमचा परवाना मिळाल्यावर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घेता येतात, हेही निवेदकांना आधीच सांगा.

वेळापत्रक आणि माणसं

रोज आठ तासांची घोषणा करू नका. संध्याकाळचे दोन तास, पण ठरलेल्या वेळी. परीक्षेच्या महिन्याचे कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवा. प्रत्येक स्लॉटला दोन नावं हवीत.

सर्व खाती स्टेशनच्या ईमेलवर उघडा, कुणाच्या वैयक्तिक जीमेलवर नको. पासवर्ड जबाबदार शिक्षकांकडेही असू द्या. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी नावं न देता तारीख, राग, गायक असं नाव द्या. तिसऱ्या वर्षाची मुलं जाण्याआधी, फेब्रुवारीतच, एक पूर्ण आठवडा नव्या टीमच्या हाती सोपवा. जुन्यांनी त्या आठवड्यात खोलीत यायचं नाही, फोनही उचलायचा नाही. कुठे अडलं ते नव्यांनी वहीत लिहायचं आणि आठवडा संपल्यावर दोघांनी मिळून ते सोडवायचं.